रसायन कोणाचं: झाडाचं की बुरशीचं?

गाडी विठ्ठलवाडी सोडून उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरकडे निघाली की रुळांच्या कडेला, नाल्यांच्या काठी आणि कुणाचीच मालकी नसलेल्या पाणथळ जागांत एक झुडूप हमखास दिसतं. ते म्हणजे बेशरम. पोकळ काठ्या, लांबट टोकाची मोठी पानं, तोडलं की निघणारा पांढरा चीक आणि फिकट गुलाबी-जांभळी नरसाळी फुलं. छाटलं तरी फुटतं, उपटून फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं. नावाला पुरेपूर जागतं. मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं आणि रताळ्याच्या भावकीतलं हे झुडूप, शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, पण चाऱ्याची टंचाई पडली की खातात. काही आठवडे खात राहिलेली शेळी रोडावते, लटपटत चालते, मान थरथरवते आणि बऱ्याचदा दगावते. कारण त्यातलं स्वेनसोनीन नावाचं अल्कलॉइड. पेशीतल्या साखरेच्या साखळ्या तोडणारं एक विकर हे द्रव्य बंद पाडतं. मग न तुटलेल्या साखळ्या पेशीत साचत जातात आणि मेंदूतल्या पेशी फुगून निकामी होतात. हे विष बेशरमाचं, असं सगळेच धरून चालले होते. अमेरिकेत युटामधल्या लोगन इथे विषारी वनस्पतींवर काम करणारी एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की हे विष बेशरम बनवतच नाही. बनवते ती त्याच्या बियांतून पिढ्यान्‌पिढ्या सोबत येणारी एक बुरशी.

त्यांनी हे कसं दाखवलं ते नीट पाहायला हवं, कारण या प्रकरणातला सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आधी त्यांनी बुरशी झाडापासून वेगळी करून वाढवली, तेव्हा तिच्यात स्वेनसोनीन सापडलं. मग बेशरमाच्या बियांवर बुरशीनाशकाची प्रक्रिया करून त्यांपासून रोपं वाढवली. ही रोपं दिसायला ठणठणीत होती, पण त्यांत स्वेनसोनीन नव्हतं. बेशरमात आणखी एक विषारी गट असतो, कॅलिस्टेजिनांचा. तो मात्र या रोपांत जसाच्या तसा होता. म्हणजे बुरशीनाशकाने झाडाचं रसायनशास्त्रच बिघडवलं असं म्हणायला जागा उरली नाही; बुरशी गेली आणि तिच्याबरोबर फक्त तिचं रसायन गेलं. 2017 साली तिसरा पुरावा आला. स्वेनसोनीन तयार करणाऱ्या जनुकांचा संच बुरश्यांच्या जनुकसंचात सापडला, आणि तो स्वेनसोनीन बनवणाऱ्या अगदी वेगवेगळ्या कुळांतल्या बुरश्यांत मिळाला. एकटी वाढवली तरी बनवते, काढून टाकली की झाडातून नाहीसं होतं, आणि बनवण्याची जनुकं तिच्याच अंगात आहेत: ‘हे रसायन बुरशीचं’ असा दावा करायचा तर या तीन कसोट्या लावायला हव्यात. गेल्या तीस वर्षांत असे शेकडो दावे झाले. तिन्ही कसोट्यांना उतरलेले फार थोडे.

वनस्पतीच्या आत राहून तिला उघड रोग न करणाऱ्या बुरश्यांना शास्त्रज्ञ एन्डोफाइट म्हणतात. आपण त्यांना अंतर्वासी बुरश्या म्हणू. त्या दुर्मिळ नाहीत. आजवर तपासलेल्या जवळपास प्रत्येक वनस्पतीत त्या सापडल्या आहेत, आणि वरवर निरोगी दिसणाऱ्या एका पानातही अनेक जातींच्या निघतात. त्या मिळवण्याची रीत साधी आहे आणि जीवशास्त्राच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होऊ शकते. ताजं, डाग नसलेलं पान वाहत्या पाण्याखाली धुतात. ते आधी अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात काही मिनिटं बुडवतात आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने खळबळून काढतात. हेतू एवढाच की पानाच्या पृष्ठभागावरचं सगळं मरावं आणि आतलं जगावं. मग निर्जंतुक पात्याने त्याचे लहान चौकोन कापून बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज आणि अगर यांच्या थरावर ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडांमधून, आणि कडांमधूनच, पांढरे किंवा काळपट तंतू बाहेर सरकताना दिसतात. पान धुतलेलं शेवटचं पाणीही वेगळ्या थरावर ओतून बघावं लागतं. त्यात काही उगवलं तर पान नीट निर्जंतुक झालेलं नाही, आणि मिळालेली बुरशी आतली की हवेतली हे सांगता येत नाही. ही शेवटची पायरी दिसायला किरकोळ, पण ती गाळली की पुढचं सगळं संशोधन पाण्यात.

अशा बुरश्या औषधं देऊ शकतील ही आशा पेटली ती 1993 साली. स्तनांच्या आणि अंडाशयांच्या कर्करोगावर वापरलं जाणारं टॅक्सॉल तेव्हा अमेरिकेतल्या पॅसिफिक यू या मंद वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून काढत. साल सोलली की झाड मरे, आणि मागणी वाढतच होती. त्या साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आंद्रेआ स्टर्ल, गॅरी स्ट्रोबेल आणि डोनाल्ड स्टर्ल यांचा शोधनिबंध आला: याच झाडाच्या सालीतली टॅक्सोमायसिस आंद्रेआनी नावाची बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते. झाड तोडायला नको, टाकीत बुरशी वाढवा आणि औषध काढा. जगभर उत्साहाची लाट आली. निबंधातले आकडे मात्र फारसं कुणी मोठ्याने वाचले नाहीत. लिटरभर द्रावणात टॅक्सॉल होतं 24 ते 50 नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांश भागांमध्ये मोजावं इतकं. हिशेब करून पाहा. वरचा आकडा धरला तरी एक ग्रॅम टॅक्सॉलसाठी दोन कोटी लिटर द्रावण लागतं. अंबरनाथच्या रस्त्यांवर धावणारे दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर ते भरतील दोन हजार. एका रुग्णाच्या एका मात्रेला साधारण 300 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे सहाशे टँकर. शिवाय एवढ्याशा प्रमाणात पदार्थ सापडला की पहिली शंका यावी ती अशी: झाडाच्या सालीतून बुरशीबरोबर थोडं टॅक्सॉलच आलं नसेल ना? 2013 साली जर्मनीतल्या हाइनिग, शोल्झ आणि येनेवाइन यांनी टॅक्सोमायसिससह अशा बुरश्यांची नव्याने छाननी केली. टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि झाडातल्या टॅक्सॉलजनुकांशी जुळणारी जनुकंही नाहीत. बाजारातलं टॅक्सॉल आज युरोपीय यूच्या पानांतल्या पूर्वद्रव्यापासून रासायनिक प्रक्रियेने, किंवा झाडाच्या पेशी टाकीत वाढवून तयार होतं. बुरशीपासून बनवलेलं टॅक्सॉल विक्रीला आलेलं नाही.

हीच कथा आपल्या सह्याद्रीत पुन्हा घडली. नरक्या किंवा अमृता या नावाने महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंत ओळखलं जाणारं एक लहानखुरं झाड आहे, नॉथापोडायटिस निम्मोनियाना. त्याला उग्र, नकोसा वास येतो. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1966 साली चीनच्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं होतं. कर्करोगाच्या पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरावर हे द्रव्य वार करतं. मुंबईत गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी 1972 साली दाखवलं की तेच कॅम्प्टोथेसिन नरक्यात भरपूर आहे. कॅम्प्टोथेसिनपासून पुढे टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं निघाली. मग जे व्हायचं तेच झालं: नरक्याच्या लाकडाला भाव आला, आणि सह्याद्रीत चोरटी तोड सुरू झाली. 2005 साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या पुरी आणि काझी यांच्या गटाने जर्मन सहकाऱ्यांबरोबर जाहीर केलं की पश्चिम किनाऱ्यावरच्या नरक्याच्या आतल्या सालीत कॅम्प्टोथेसिन बनवणारी बुरशी मिळाली आहे. तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता झाडं वाचणार.

आकडे इथेही काहीतरी वेगळंच सांगतात. त्या गटाने पुढे हीच बुरशी टाकीत वाढवली तेव्हा 100 ग्रॅम कोरड्या बुरशीमागे सुमारे 5 मिलिग्रॅम कॅम्प्टोथेसिन मिळालं. नरक्याच्या 100 ग्रॅम लाकडात ते शंभर मिलिग्रॅमच्या पुढे असू शकतं. दुसरी खटकणारी गोष्ट बुरशीच्या ओळखीची. तिला एन्ट्रोफोस्पोरा म्हटलं गेलं. या नावाच्या बुरश्या जिवंत मुळांच्या आधारानेच जगतात, साध्या पोषक द्रावणात एकट्या वाढत नाहीत. मग टाकीत वाढलेली बुरशी नक्की कोणती? बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या गटाने 2010 साली ‘करंट सायन्स’मध्ये नरक्यातल्याच बुरश्यांबद्दल आणखी निराळं निरीक्षण नोंदवलं. विरजण घालतात तसं थोडी थोडी बुरशी काढून नव्या द्रावणात वाढवत गेलं की दर वेळी कॅम्प्टोथेसिन घटत जातं, आणि बुरशीची वाढ जितकी जास्त तितकं तिच्यातलं कॅम्प्टोथेसिन कमी. जी वस्तू कारखाना बनवतो ती कारखाना वाढला की वाढायला हवी. इथे उलट होतं. याला मी सुगावा म्हणेन, अंतिम पुरावा नाही. तरी सुगावा बोलका आहे.

कोडं बरंचसं उलगडलं ते चिनी झाडातल्या फ्युजेरियम सोलानी या बुरशीवर जर्मनीत सौविक कुसारी आणि मिखाएल श्पिटेलर यांनी केलेल्या कामात. 2011 साली त्यांनी दाखवलं की या बुरशीत कॅम्प्टोथेसिनच्या वाटेवरची काही जनुकं आहेत, पण स्ट्रिक्टोसिडीन सिन्थेज हे मधलं कळीचं विकर बनवणारं जनुक नाही. म्हणजे निम्मी वाट बुरशीची, मधला पूल झाडाचा. झाडात असताना ती झाडाचं विकर वापरते. झाडातून बाहेर काढली की काही पिढ्या थोडंफार रसायन दिसतं, मग ते संपतं. याच बुरशीच्या पीळ सोडवणाऱ्या विकरात असे बदलही सापडले, की कॅम्प्टोथेसिनच्या सान्निध्यात राहून तिला त्याचा त्रास होऊ नये. बुरशी झाडाच्या विषाशी जुळवून घेऊन राहते हे त्यातून सिद्ध होतं. ती तो विषाचा कारखाना चालवते, हे नाही. या संशोधकांच्या प्रामाणिकपणाची दाद द्यायला हवी: आपल्याच आधीच्या आशादायी निष्कर्षाला मर्यादा घालणारा पुरावा त्यांनीच पुढे आणला.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. बुरशी आणि झाड हजारो पिढ्या एकत्र राहतात. मग झाडाची जनुकं बुरशीत शिरली नसतील कशावरून? जीवाणूंमध्ये अशी उसनवारी रोजची आहे, बुरश्यांतही ती घडल्याची उदाहरणं आहेत. तत्त्वतः हे शक्य आहे. पण टॅक्सॉल बनवायला सुमारे वीस रासायनिक पायऱ्या लागतात, आणि प्रत्येकीला स्वतःचं जनुक. ही सगळी जनुकं एकाच वेळी, चालू अवस्थेत, परक्या जीवात जाऊन बसावीत ही घटना विरळातली विरळ मानावी लागेल. तरी जगभरात शेकडो वेगवेगळ्या बुरश्यांबद्दल हाच दावा झाला. विरळ घटना एवढ्या वेळा घडत नाही. एवढ्या वेळा घडते ती मोजणीतली चूक. उलट बुरशीची स्वतःची रसायनं पाहा: त्यांची जनुकं बहुधा एका ओळीत, एका गटात असतात. स्वेनसोनीनच्या बाबतीत नेमकं हेच सापडलं. म्हणून हा वाद तर्काने लढवायची गरजच उरलेली नाही. बुरशीचा जनुकसंच वाचण्याचा खर्च गेल्या पंधरा वर्षांत कोसळला आहे. ‘माझी बुरशी झाडाचं औषध बनवते’ म्हणणाऱ्याने तो वाचून जनुकं दाखवावीत, एवढीच साधी मागणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे. नव्या द्रावणात रसायन घटतं ते बुरशीला झाडाकडून मिळणारे इशारे थांबल्यामुळे नसेल कशावरून? जनुकं असतील, पण झोपलेली. यात तथ्य आहे. अनेक बुरश्यांच्या जनुकसंचात रसायनं बनवणारे गट मोठ्या संख्येने असतात आणि प्रयोगशाळेतल्या थाळीत त्यातले थोडेच जागे होतात. दुसऱ्या बुरशीच्या किंवा जीवाणूच्या शेजारी वाढवलं, डीएनएवरची रासायनिक कुलपं उघडणारी द्रव्यं घातली, पोषण बदललं की कधीही न दिसलेली रसायनं बाहेर येतात. हे तंत्र उपयोगी आहे आणि पुढच्या दशकात त्यातून बरंच काही हाती लागेल असं मला वाटतं. मात्र झोपलेलं जनुक जागं करता येतं, नसलेलं नाही. हा आक्षेप मान्य केला तर त्याचा कल आपल्याच बाजूला झुकतो: बुरशीच्या अंगात जे आहे ते जागं करा, झाडाचं जे आहे ते तिच्याकडून मागू नका.

आणि बुरशीच्या अंगात जे आहे ते काही कमी नाही. माद्रिदमधल्या मर्क कंपनीच्या संशोधकांना जुनिपरच्या जिवंत पानांत एक बुरशी मिळाली होती. 2000 साली तिच्यातून एन्फ्युमाफंजिन नावाचं द्रव्य त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या बुरश्यांच्या पेशीभित्तीतलं ग्लुकन बनू न देणं हे त्याचं काम. माणसाच्या पेशींना भित्ती नसते, म्हणून अशा औषधाचा बाण नेमका लागतो. त्यात रासायनिक बदल करून इब्रेक्साफंजर्प हे तोंडाने घ्यायचं औषध तयार झालं आणि स्त्रियांमधल्या योनिमार्गाच्या कँडिडा संसर्गासाठी जून 2021 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. एन्फ्युमाफंजिन बनवणारं मुख्य जनुक नंतर त्याच बुरशीत सापडलं. जुनिपरचा त्यात हात नाही. बुरशी हे द्रव्य का बनवत असेल याचाही अंदाज करता येतो: एकाच पानात अनेक बुरश्यांची वस्ती असते आणि प्रत्येकीला शेजारणीला आवर घालायचा असतो. तीच हत्यारं आपल्या उपयोगाची. होंडुरासमधल्या दालचिनीच्या झाडातून मिळालेली मस्कोडोर अल्बस ही बुरशी तर वायुरूप द्रव्यं सोडून आजूबाजूच्या बुरश्या मारते. सगळ्याच शोधांचं औषध होत नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. 1999 साली किन्शासाजवळच्या एका वनस्पतीतल्या बुरशीचं एक द्रव्य ‘सायन्स’मध्ये गाजलं, कारण ते उंदरांमध्ये इन्शुलिनसारखं काम करत होतं आणि तोंडाने देता येत होतं, त्याची गोळी मात्र आजवर आली नाही. स्वेनसोनीनचंही तेच. 1990 च्या दशकात त्याच्या कर्करुग्णांवर चाचण्या झाल्या, औषध म्हणून ते टिकलं नाही. पण पेशी आपल्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या कशा चढवतात हे शोधणाऱ्या प्रयोगशाळांना ते आजही लागतं आणि मिलिग्रॅमच्या भावाने विकलं जातं. शेळ्या मारणारं विष अशा रीतीने जीवरसायनशास्त्राचं एक अवजार झालं.

मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याने शोधायचं काय? बदलापूरच्या जांभळाचं नाव लगेच पुढे येईल. भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ, आणि मधुमेहासाठी ज्याच्या बियांची पूड घरोघर विकली जाते असं झाड. त्याच्या पानांतल्या बुरश्यांवर रोहतकच्या विद्यापीठात 2014 साली काम झालं. त्यांच्या अर्कात अँटिऑक्सिडंट गुण आढळले. माझ्या मते अशा निष्कर्षावर फार मोठी आशा बांधू नये. काचेच्या नळीत अँटिऑक्सिडंट ठरणं ही फार सोपी परीक्षा आहे, फिनॉल असलेला जवळपास कोणताही अर्क ती पास होतो. शरीरात त्याचं काय होतं याचं उत्तर त्यातून मिळत नाही. शोध घ्यायचाच तर बुरश्या एकमेकींविरुद्ध काय वापरतात, कीटकांविरुद्ध काय वापरतात, हे बघावं. बारवी धरणाच्या पाणलोटातलं जंगल, कोंडेश्वरच्या आसपासचे ओढे, आणि ज्याच्याकडे कुणी पाहत नाही ते बेशरम, या सगळ्यांच्या पानांत, बियांत पाहण्यासारखं आहे. नेहमीच्या झाडांत नवं काय मिळणार, ही शंका टिकत नाही. जुनिपर युरोपात मुबलक आहे आणि बेशरम तर तणच. जगातल्या बुरश्यांच्या जातींचा अंदाज 22 ते 38 लाखांचा आहे, आणि नाव मिळालेल्या त्यातल्या जेमतेम दीड लाख. मात्र नवं नक्की काय हे लवकर तपासायला हवं. सापडलेलं द्रव्य आधीच माहीत असलेलं निघणं हा या क्षेत्रातला नित्याचा फजितवाडा आहे, आणि काही अंतर्वासी बुरश्या माणसाला घातक अशी विषंही बनवतात. फ्युजेरियमच्या जातींचं तर ते ठळक लक्षण. म्हणून झाडातून काढलेल्या कुठल्याही बुरशीचा अर्क घरगुती औषध म्हणून कुणी चाखू नये.

आता कारखान्यांची बाजू. ‘बुरशीची औषधं म्हणजे हरित उद्योग, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींना हाच पर्याय’ असं मांडणं मोहक आहे आणि अर्धवट आहे. शके 982 चा शिलालेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभं आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरातून जाताना कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी घेऊन वाहते. बुरशी वाढवण्याच्या टाकीतून बाहेर पडणारं उरलेलं द्रावण साखर आणि प्रथिनांनी भरलेलं असतं. प्रक्रिया न करता सोडलं तर पाण्यातला प्राणवायू ते शोषून घेतं. रसायन बाहेर काढायला इथाइल ॲसिटेटसारखी द्रावकं लागतात. म्हणजे प्रदूषणाचं स्वरूप बदलतं, प्रश्न मिटत नाही. तरी एक फायदा खरा आहे: जो पदार्थ झाड तोडून मिळतो तो टाकीत मिळाला तर जंगलावरचा भार हलका होतो, पण अट तीच, बुरशीला तो खरोखर बनवता यायला हवा. नरक्याच्या बाबतीत ती अट पुरी झालेली नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. कारण ‘आता बुरशीपासून मिळेल’ या भरवशावर नरक्याच्या लागवडीकडे आणि तोड रोखण्याकडे दुर्लक्ष करणं सोपं होतं. नरक्या वाचवायचा तर तो लावावा लागेल.

2002 च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक नगरपालिकेत आणि महापालिकेत जैवविविधता समिती असणं बंधनकारक केलं आहे. बहुतेक ठिकाणी तिच्या नोंदवहीत झाडं असतात, पक्षी असतात, बुरश्या नसतात. त्या नोंदवायचं काम उल्हासनगर-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांना सहज करता येईल. त्यासाठी लागणारं साहित्य पदव्युत्तर विभागांकडे आहेच. एकच विनंती: बुरशी वेगळी केली की ती ज्या झाडातून घेतली त्याचा वाळवलेला नमुना, जागा आणि तारीख यांसह तिची जिवंत प्रत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाकडे पाठवा, आणि मगच निबंध लिहा. शोधनिबंध छापून आला आणि बुरशी मात्र फ्रिजमध्ये मेली, तर तो दावा पुढे कुणालाही तपासता येत नाही.